चार लाखावा किलोमीटर

अमरावती
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय चंदा,

आज सकाळी साडेपाचला उठले. गाडीचं तेल पाहिलं, पाणी पाहिलं, चारही चाकांची हवा पाहिली. पावणेसातला निघाले. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. मूर्तिजापूरच्या अलीकडे थांबून डब्यातली पोळी खाल्ली. सव्वानऊला अकोल्यात पोचले. तिथे सहा मिनिटं थांबले आणि परत फिरले. बाराच्या आत घरी. वरणभात केला, जेवले, थोडं पडले. आता साडेचार वाजलेत आणि मी टेबलाशी बसले आहे.

फोन करणार होते. पण तुझा फोन लागत नाही, आणि लागला तर तुझे वामनराव उचलतात आणि ती पडली आहे म्हणतात. वर्षभर तू पडलेलीच आहेस. पत्राला तसं सांगता येत नाही, ते हातात येतंच. शिवाय मला बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तू माझं नाव मुकी वहिनी ठेवलंस ते आजतागायत आहे. मी कधी रागावले नाही, कारण ते खरंच होतं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यात माझं बहुतेक बोलणं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यातच झालं. त्यामुळे हे पत्र जरा लांबलं तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. साठलेलं आहे.

तेरवीच्या दिवशीचं तुला आठवत असेल. पंगत उठली होती. तू फोटोवरचा झेंडूचा हार काढलास, खाली जाऊन गाडीच्या बॉनटवर ठेवलास आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "दादाच्या गाडीले आता कोनी हात लावाचा नाई. दादा गेला, तेही आता चालनार नाई." माझा किशोर काही बोलणार होता. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. त्या दिवशी तुझा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती आणि माझी इच्छाही नव्हती. हारासकट वरून कव्हर टाकलं. दर सोमवारी, हे गेले तो वार, मी गाडीसमोर एक उदबत्ती लावत गेले. शेजारच्या रुख्मिणीबाई येता-जाता कव्हराला हात लावून नमस्कार करायच्या. असं देऊळच झालं होतं म्हण ना. उदबत्ती आठवड्याला एक. तेल एक थेंब नाही.

आता ही गाडी कशी ठेवलेली होती, ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. लिहिताना मला बरं वाटतं. बियाण्यांच्या कंपनीत असताना हे महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर फिरायचे. दर्यापूर, अकोट, वाशीम, परत अमरावती. लोकांच्या गाड्या दीड लाखात थकल्या, आपली नाही. कंपनीच्या पुस्तकात दहा हजारांनी तेल बदला असं होतं, हे साडेसात हजारांनी बदलायचे. सकाळी थंड गाडी कधी जोरात दामटली नाही. लांबून आलं की बंद करायच्या आधी एक मिनिट तशीच चालू ठेवायची, धापा कमी होऊ द्यायच्या. तू त्यावरूनच भांडायचीस. हॉर्न दोनदा वाजला की फाटक उघडून उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "उतर ना बापा दादा, आल्यासारका! काहून उगाच डिझेल जाळून राह्यला?" आणि हे घड्याळाकडे बघत बसायचे.

आणि दर रविवारचा तो थेंब. तेल मोजायची पट्टी काढून तिच्या टोकाचा एक थेंब कागदावर टाकायचा, वाळू द्यायचा आणि चहा घेता घेता त्याचा डाग बघायचा. आधी ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकायचे. मीच एकदा म्हटलं, त्यापेक्षा आमचा गाळणकागद बरा, डाग सारखा पसरतो. कॉलेजचा कागद मी घरी आणला नसता, म्हणून यांनी दुकानातून गोल कागदांचं पाकीट विकत आणलं. मग काय, जो येईल त्याला सांगायचे, हे आमच्या बाईचं संशोधन आहे. लग्नाच्या चाळीस वर्षांत त्यांनी माझं कौतुक चारचौघांत एवढ्या एकाच गोष्टीवरून केलं, पण ते रोज केलं. डाग मऊ कडेचा, सारखा पसरलेला असला की तेल ठीक. मधे काळा गोळा बसला की तेल संपलं. कड करवतीसारखी दातेरी आली की तेलात पाणी आहे. तू ते कागद बघून म्हणायचीस, "दादा गाडीची कुंडली मांडून बसला वो." चौदा वर्षांच्या कुंडल्या ड्रॉवरमध्ये आहेत. एकाही डागाला दातेरी कड नव्हती.

मागच्या वर्षीची भाऊबीज. ओवाळून झाल्यावर तुझ्या अंगणात उभं राहून यांनी तुला मीटर दाखवलं आणि जाहीर केलं, "चार लाखावा किलोमीटर तुह्या फाटकासमोर पडन. पुरनपोळी तयार ठेवजो." तू म्हणालीस, "तोवर हे डबडं टिकन का?" त्यावर हे म्हणाले, "डबडं टिकन. तू तुह्यं पाह्य." आम्ही सगळे हसलो. आपल्या दारापासून तुझ्या दारापर्यंत सत्त्याण्णव किलोमीटर, हे त्यांनी कितीदा मोजलं होतं. त्यानंतर एकोणतिसाव्या दिवशी ते गेले. मीटर ३,९८,७६० वर थांबलं.

ऑगस्टमध्ये किशोर पुण्याहून आला. गाडीला नोव्हेंबरच्या सतरा तारखेला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पंधरा वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळतात, नाहीतर रस्त्यावर काढता येत नाही. किशोर म्हणाला, "आई, चालवणारं कोणी नाही, कशाला ठेवायची? भंगारात देऊ. तुला कुठे जायचं असेल तेव्हा मी फोनवरून गाडी बोलावून देत जाईन." त्याचं चुकलं नव्हतं. मी हो म्हटलं, चंदा. तुला न विचारता हो म्हटलं.

भंगारवाला आला, कव्हर ओढलं, बॉनट उघडलं आणि मागे सरकला. आत उंदरांचं घर होतं. तुझ्या हाराचा दोरा, वाळलेल्या पाकळ्या आणि वायरींवरचं कुरतडलेलं रबर, सगळं एकत्र करून गादी केली होती. चाकं जमिनीला चिकटल्यासारखी बसली होती. तो म्हणाला, "बाई, इंजिन तर गेलंच समजा. लोखंड म्हनून नेतो." मी त्याला म्हटलं, उद्या या. तो गेल्यावर मी त्या गादीतला दोरा सोडवून घेतला. तुझा होता म्हणून टाकवेना. आणि मग मला राग आला. तुझा नाही, कोणाचाच नाही. चौदा वर्षं ज्या माणसाने हिला एक रविवार चुकवला नाही, त्याच्या नावाने आपण हिला असं ठेवलं याचा.

संध्याकाळी नियाजभाईंकडे गेले. राजापेठेच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं गॅरेज तुला माहीत आहे, यांनी दुसरीकडे कधी गाडी नेली नाही. ते आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर बोट दाबलं आणि बॉनटमध्ये बघितलं. मग म्हणाले, "वैनी, चार लाखानं हिले काई नाई झालं. आठ महिन्यानं झालं." मी विचारलं, उठेल का? म्हणाले, "साहेब असते तर मले हे विचारलं नसतं. म्हनले असते, नियाज, कधी देतं ते सांग." मी म्हटलं, कधी देता ते सांगा. ते हसले आणि दोरखंड आणायला माणूस पाठवला. भंगारवाला दुसऱ्या दिवशी आला तेव्हा जागा रिकामी होती.

बॅटरी नवी बसवली. टाकीतलं जुनं डिझेल काढलं, टाकी धुतली. ब्रेक गंजून धरले होते ते सोडवले. वायरिंग नियाजभाईंनी स्वतः बसून एकेक तार करून जोडलं. हॉर्नही गेलेला होता. त्यांनी नवा घ्या म्हटलं. मी म्हटलं, हॉर्न हाच पाहिजे, काहीही करा. त्यांनी कारण विचारलं नाही. तीन दिवस तो उघडून पडला होता, चौथ्या दिवशी वाजला.

सात सप्टेंबरला त्यांनी सेल्फ मारला आणि चौथ्या झटक्याला इंजिन उठलं. गॅरेजमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, माझ्या हातात गाळणकागद होता. दहा मिनिटांनी बंद केली, तेल खाली बसू दिलं, थेंब टाकला. चंदा, कड दातेरी आली. करवतीसारखी. तेल भरायचं झाकण उघडलं तर आत दुधाच्या सायीसारखं पांढरं. नियाजभाईंचा चेहरा पडला. म्हणाले, "पानी जाऊन राह्यलं आत. इंजिनचं हेड खोला लागन. आणि खरं सांगतो वैनी, चार लाखाचं इंजिन, एकदा खोललं तं पुन्हा बसन का, मी लिहून नाई देत. दोन-अडीच महिने तं पकडाच." म्हणजे सतरा तारीख गेली. किशोरला फोन केला, तो म्हणाला, "आई, बस झालं आता. तू प्रयत्न केलास ना?"

आता जे लिहिते आहे ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मग नियाजभाईंना सांगावं लागलं, आता तुला सांगते.

तू हात लावू नका म्हणालीस, आणि मी लावला होता. तेरवीनंतर जानेवारीची दोन तारीख आली, यांना जाऊन महिना झाला. दुपारी बिल्डिंगमध्ये कोणी नव्हतं. मी कव्हर थोडं बाजूला केलं, आत बसले, माझ्या जागेवर नाही, त्यांच्या. किल्ली फिरवली. दोन मिनिटं आवाज ऐकला आणि बंद केली. चालवता मला येत नव्हतंच. फेब्रुवारीच्या दोन तारखेला पुन्हा. मार्च, एप्रिल. मे महिन्यात किल्ली फिरवली तर नुसतं टक झालं. बॅटरी गेली होती. मी किल्ली काढून वर आले आणि त्यानंतर गेले नाही. हे गेले तेव्हा मी इतकी नाही रडले, जितकी त्या दिवशी.

त्या दिवशी गॅरेजमध्ये माझ्या डोक्यात हे लख्ख आलं. थंड इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं की आत वाफ धरते आणि तिचं पाणी होतं. गाडी फिरली तर ते उडून जातं, फिरली नाही तर तेलातच राहतं. तेहतीस वर्षं मी काचेच्या भांड्यांना आतून धरलेली ओल पुसली आहे, मला हे कळायला हवं होतं. पण हे सांगायचं म्हणजे ती दोन मिनिटं सांगायची. तिथे आणखी दोन गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. नियाजभाई पाने काढायला लागले होते. मी म्हटलं, थांबा. आणि सगळ्यांसमोर सांगितलं. महिन्याच्या दोन तारखेला, चार वेळा, दोन-दोन मिनिटं.

नियाजभाईंनी पाना खाली ठेवला. विचारलं, "रेस देत होत्या का?" मी म्हटलं, नाही, नुसती ऐकत होते. चहा पिणाऱ्यांतला एक जण उठून बाहेर गेला. मग नियाजभाई म्हणाले, "मले काहून नाई सांगतलं? मी आलो असतो, दोन तारखेले. मीही ऐकलं असतं." आणि मग एकदम धंद्याच्या आवाजात, "मंग हेड नाई खोलत. तुमी सांगा, कसं करू."

मी सांगितलं. तेल बदला, गाडी वीस किलोमीटर फिरवा, चांगली तापू द्या, मग थेंब. पुन्हा तेल बदला, पुन्हा फिरवा, पुन्हा थेंब. तीन वेळा. हेडमधून पाणी येत असेल तर तिन्ही कागदांवर दाते तसेच राहतील. नुसती ओल असेल तर जातील. पहिल्या कागदावर दाते होते, पण बोथट. दुसऱ्यावर एका बाजूला तीन-चार. तिसरा कागद मी घरी आणला, ड्रॉवरमधल्या जुन्या कागदांशेजारी ठेवला आणि वाळायची वाट बघत बसले. दोन कप चहा झाला. गोल, मऊ, सारखी कड. तुझ्या दादाच्या कागदांत मिसळला असता तर मला ओळखता आला नसता. सकाळी तो नियाजभाईंना नेऊन दाखवला. त्यांनी तो गॅरेजमध्ये काब्याच्या तसबिरीखालच्या खिळ्याला अडकवला. अजून आहे.

मग गाडी चालवणारं कोणी नाही हा प्रश्न राहिला. एकसष्ट वर्षांची बाई. राजापेठेत शिकवणीच्या क्लासांच्या गर्दीत एक ड्रायव्हिंग स्कूल आहे, तिथे करिश्मा नावाची पोरगी शिकवते. पंचविशीची असेल, तोंड तिखट. पहिल्या दिवशी म्हणाली, "काकू, तो क्लच आहे, पापड नाई. तुटत नाई, पन हळू सोडजा." दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "तुमी ब्रेकवर पाय नाई ठेवून राह्यल्या, राग काढून राह्यल्या." सिग्नलला गाडी बंद पडली की मागचे हॉर्न वाजवायचे आणि ही काच खाली करून त्यांना ओरडायची, "शिकून राह्यल्या त्या! तुमची माय शिकली का?" मी आयुष्यात कोणाशी भांडले नाही, पण तिच्या शेजारी बसून मला फार बरं वाटायचं. ऑक्टोबरमध्ये लायसन्स मिळालं. परीक्षेत गाडी मागे घ्यायची होती, ती मी एकाच दमात घेतली. मागे कसं बघायचं ते मला चौदा वर्षं डावीकडे बसून पाठ होतं, तुझा दादा दर वेळी मलाच विचारायचा, येतं का बघ.

अकरा नोव्हेंबरला आरटीओ. गाडी माझ्या नावावर होऊन आली होती, किशोरनेच कागद केले. तपासणारे साहेब तरुण होते. दिवे, ब्रेक, वायपर, सगळं पाहिलं. चेसिसचा नंबर पाहिला. आत डोकावून मीटर पाहिलं आणि मला म्हणाले, "मॅडम, लोक मीटर मागं फिरवून आनतात. तुमी पुढं फिरवून आनलं का?" मी म्हटलं, नाही, हे किलोमीटर खरंच चाललेले आहेत. म्हणाले, "चालवतं कोन?" मी म्हटलं, मी. "हॉर्न वाजवा." मी वाजवला. ते दचकले, हसले आणि सही केली. २०३० पर्यंत. मी बाहेर येऊन झाडाखाली गाडी उभी केली आणि एक मिनिट चालू ठेवली. मग बंद केली.

चाचण्या आणि माझा सराव धरून त्या दिवशी मीटर ३,९९,५४१ होतं. आता पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल. मला घरून निघताना मीटरवर ३,९९,९०३ पाहिजे होते, एक कमी नाही, एक जास्त नाही. तीनशे बासष्ट किलोमीटर फिरवायचे होते आणि तेवढेच मला हात बसायलाही हवे होते. पाच वेळा चांदूर रेल्वे, दोन वेळा नांदगाव पेठ, आणि वरचे बारा भाजी आणताना. चांदूर रेल्वेला माझं काहीएक काम नव्हतं. स्टेशनासमोर चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. चौथ्या दिवशी चहावाल्याने विचारलंच, "काकू, रोज कोनाले सोडाले येता?" मी म्हटलं, कोणाला नाही, आणायला जायचं आहे, त्याची तयारी करते.

परवा वर्षश्राद्ध झालं. तू आली नाहीस. वामनराव एकटेच आले, तब्येत बरी नाही म्हणाले. जाताना खाली मी त्यांना सोडायला गेले तेव्हा त्यांनी गाडीच्या जागेकडे पाहिलं. जागा रिकामी होती. त्यांनी काही विचारलं नाही आणि मी, नेहमीप्रमाणे, काही सांगितलं नाही. गाडी त्या दिवशी तेल बदलायला नियाजभाईंकडे होती. ते घरी येऊन तुला काय म्हणाले असतील याची मला कल्पना आहे. वहिनीने गाडी काढून टाकली.

काढून टाकली नाही, चंदा. म्हणून हे पत्र. आज सकाळी सव्वानऊला तुमच्या फाटकासमोर दोनदा हॉर्न वाजला, तो मी वाजवला. तुला भास झाला नाही. तो आवाज कोणाचा म्हणून तू ओळखलास ते मला माहीत आहे, आणि ऐकून तुझं काय झालं असेल तेही मला माहीत आहे, कारण मीही या गाडीचा आवाज ऐकायला चोरून किल्ली फिरवत होते. बोरगाव मंजूच्या पुढे मी मीटरकडे बघणं बंद केलं होतं, रस्त्याकडे बघायला हवं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी ३,९९,९९९ होते. फाटकासमोर गाडी लावली, पाहिलं, तर सगळे नऊ गेलेले. चार लाख. पाच शून्यं ओळीने. मी हॉर्न वाजवला. तुझ्या खोलीचा पडदा हलला. मी गाडी एक मिनिट चालू ठेवली आणि बंद केली. आणखी पाच मिनिटं बसले. उतरले नाही, कारण फाटक तू उघडायचं असतं, मग आपण उतरायचं, असं तीस वर्षं आहे. मग त्या अरुंद गल्लीत गाडी वळवली. समोरच्या घरातले आजोबा हात दाखवायला आले होते, पण त्यांची गरज लागली नाही. मला वाईट वाटलं असं समजू नकोस. परत येताना मूर्तिजापूरच्या पुढे ट्रकला मागे टाकलं आणि एकटीच हसले. मी तुझा शब्द मोडला, ते मी तुला तोंडावर सांगायला आले होते. तुला भेटून माफी मागणार होते, पण रस्त्यात कुठेतरी ती मागावीशी वाटेनाशी झाली. ही चालते, चंदा. चांगली चालते.

पुढच्या रविवारी, तीस तारखेला, सव्वानऊला मी पुन्हा येते. पुरणपोळी नको. फाटक उघड, आणि एक मिनिट डिझेल जळेल त्याबद्दल मला बोल. कोणी बोललं नाही तर चुकल्यासारखं वाटतं. डावीकडची जागा रिकामी आहे. चौदा वर्षं मी तिथे बसले, तिथून रस्ता चांगला दिसतो. कुठे जायचं ते तू सांग. हाराचा दोरा मी ठेवला आहे, तो तुला देते.

सोबत एक गोल कागद घालणार आहे, कुंडली. त्यावर पेन्सिलने ४,००,०९७ लिहिलेलं असेल, वरचे सत्त्याण्णव परतीचे. तो अजून तयार नाही. इंजिन आता निवलं असेल. दिवेलागणीच्या आत खाली जाते, पट्टी पुसून तेल बघते आणि एक थेंब घेते. तो वाळला की पाकीट बंद करीन.

तुझीच,
मुकी वहिनी
(सत्यवती)